आमच्या घरात वाद नव्हते

सोमवार, ७ जुलै
कामवाली शेफाली गावी गेली! बंगालीत मला वहिनी म्हणते ती — 'बौदी, मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, महिनाभर नाही जमणार.' जाऊ दे तिला. पण सलील बुटांना पॉलिश करता करता म्हणतो, 'मग तू बदली बाई बघ.' तू! तो खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये अधिकारी, तर मीही बँकेत अधिकारीच आहे. म्हटलं, 'मी बघणार नाही. आणि एकटी भांडीही घासणार नाही.' हसला. त्याला गंमत वाटली.

गुरुवार, १० जुलै
सिंक तुंबलंय. वास मारतोय. माझं ताट धुतलं, बस्स.

शनिवार, १२ जुलै
कडाक्याचं भांडण. इतकी वर्षं मिरवत आलो — आमच्यात घरकामावरून वाद नाहीत! कसे होणार? राबत होती शेफाली. तिला कामं सांगणं, ती आली नाही की पदर खोचणं — ते माझ्याकडे. सलीलकडे काय? काही नाही.

म्हटलं, 'शेफाली पहाटेची गाडी पकडते, म्हणून तिचा नवरा भात रांधतो. दिवसभर विटा वाहणारा माणूस!'

'त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना बाई परवडत नाही.'

'आणि आपल्याला परवडते, म्हणून तुझे हात मोकळे?'

दार आपटून गेला. बाहेर रोल खाऊन आला असणार. खाऊ दे!

रविवार, १३ जुलै
सासूबाईंचा पुण्याहून फोन. 'वृंदा, नवऱ्याला उष्ट्यात हात घालायला लावतेस?'
'हो आई. त्याच्याच उष्ट्यात.'
शब्द मागे घेणार नाही!

मंगळवार, १५ जुलै
त्याने कुकर लावला. डाळ करपली. खाल्ली. कौतुक केलं नाही — माझं कोण करतं?

रविवार, २७ जुलै
आता लादीही पुसतो, गुणगुणत. महाराष्ट्र मंडळात माझ्या मैत्रिणीला, अनुजाला सांगत होता, 'घरचं आम्ही निम्मंनिम्मं करतो.' माझी मान ताठ झाली. मागून मिळालं नाही हे. भांडून मिळवलं!

गुरुवार, ७ ऑगस्ट
बँकेतून आले तर शेफाली खाली गेटपाशी बसलेली. सकाळी मी निघाल्यावर कामावर आली होती. सलीलने दारातूनच परत पाठवलं.

'बौदी, दादा म्हणाले, बौदींनाच आता घरात बाई नकोय. खरं का?'