बिनतिराचा कामठा

येरेम,
मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय ताई,

तू, दाजी आणि माझा भाचा दागू, तिघंही ठणठणीत असाल. इकडे आम्हीही बरे आहोत. कोरडा वारा सुटलाय, गवत जाळून झालंय, कोनफळं कोठारात गेलीत, आणि आपली लाल कुत्री व्यालीय. झाली खुशाली विचारून आणि सांगून. आता हातातलं काम ठेव, खाली बस आणि ऐक.

मी हरीण मारलं.

मी म्हणजे मीच, वासांग. माझ्या हातानं, माझ्या कामठ्यानं, एका तिरात. कुणी आधी जखमी केलेलं नाही, कुत्र्यांनी दमवून आणलेलंही नाही. चांगलं दांडगं, शिंगांचं झाड डोक्यावर घेऊन फिरणारं हरीण. तू विचारशील की आंधळं होतं का. आपल्या चुलत भावानं, किबूननं, हेच विचारलं. मी म्हटलं, "चल, तूच डोळे तपासून बघ." त्यानं खरंच वाकून बघितले, मेल्यानं.

ताई, तुझा निरोप आला ना, की दागूचे कान आता आणखी थांबवता येणार नाहीत, पुढच्या पौर्णिमेला टोचायचे, आणि तोवर वासांगला स्वतःच्या तिरानं मांस आणता आलं नाही तर किबून मामाच्या जागी बसेल, तो ऐकल्यापासून मी दिवस मोजत होतो. तुझं चुकलं असं नाही म्हणत. रिवाजच तसा आहे, मांस नाही तर कान टोचायचा काटा हातात नाही, आणि जो टोचेल तोच मामा, आणि तू माझ्यासाठी गेल्या वर्षीही थांबलीस. पण दागू जन्मभर किबूनला मामा म्हणणार आणि मला नुसतं 'ए वासांग' म्हणणार, हे डोळ्यांसमोर यायचं आणि मला वाटायचं नदीत जाऊन बसावं.

आणि गंमत बघ, माझा नेम वाईट कधी नव्हताच. केळीचा खांब पुरून ठेव, मी लांबून त्याच्या पोटात तीर घालतो. गडगडत जाणारा नारळही सोडत नाही. पण समोर जिवंत जनावर आलं की माझ्या छातीत ढोल वाजायला लागतो. कधी ओढला, कधी सोडला, मलाच पत्ता नसतो. मागच्या पावसाळ्याआधी एक वॉलबी, छोट्या कांगारूसारखी मागच्या दोन पायांवर, अगदी अंगणाएवढ्या अंतरावर उभी होती. माझा तीर वारुळात घुसला. तिनं वारुळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि परत चरायला लागली. किबूननं गावभर केलं, "वासांगच्या घरी जेवायला जा, केळीचं मटण मिळेल."

तर मग मला एक गुरू भेटले. कोण ते विचारू नकोस, सांगतो मागाहून.

पहिल्या दिवशी त्यांनी काय करावं? माझे सगळे तीर काढून घेतले. म्हणाले, "नुसता कामठा घे आणि रानात जा. जनावराच्या जवळ जा, दोरी ओढ, परत सैल सोड, घरी ये. काय पाहिलंस ते मला सांग." मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांचं तोंड थट्टेचं नव्हतं. म्हणून निघालो बापडा, बिनतिराचा कामठा खांद्याला लावून. वाटेत बाया मासे धरत होत्या, त्यांनी विचारलं, "अरे, बायको न घेता लग्नाला निघालास का?" मी मान खाली घालून पळालो.

संध्याकाळी परत आलो. गुरूंनी विचारलं, "काय दिसलं?"

"वॉलबी."

"कान किती होते तिला?"

"दोन."

"पाहिलेस, की ठाऊक होते?"

ताई, ठाऊक होते. मी पाहिलेच नव्हते. मी फक्त 'वॉलबी, वॉलबी' एवढंच मनात ओरडत होतो. ते म्हणाले, "जा. उद्या परत." दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. उजव्या पायाला चिखल होता की डाव्या? पिशवीत पिल्लू होतं का? चरताना डोकं कुठल्या बाजूला वळवत होती? मला सांगता यायचं नाही, आणि तीर मिळायचा नाही. मी चिडलो, पाय आपटले, एकदा कामठा फेकूनही दिला. ते नुसते बसून राहिले. मग मी गुपचूप उचलून आणला.

पण हळूहळू काहीतरी फिरलं. तीर नाही म्हटल्यावर चुकायची भीतीच नाही, आणि भीती नाही म्हटल्यावर ढोल बंद. एक दिवस मी एका म्हाताऱ्या वॉलबीच्या इतका जवळ गेलो की तिच्या फाटक्या कानावर बसलेली माशी मला दिसली. दोरी ओढली, ओढून धरली, नजर त्या माशीवरच ठेवली. मग ना वॉलबी राहिली, ना रान, ना वासांग. परत येऊन मी हे सांगितलं तर गुरूंनी मला समोर बसवलं. मग म्हणाले, "जनावरावर तीर सोडणारा आंधळा असतो. जनावराच्या एका केसावर सोडायचा. तो केस दिसला नाही तर दोरीला हात लावायचा नाही. हलणाऱ्या गवतावर तर कधीच नाही."

त्यानंतर एकच तीर दिला. आणखीही शिकवलं. आपली बांबूची दोरी सुटताना टणकन वाजते, त्या आवाजाला जनावर दचकून खाली दबतं आणि तीर पाठीवरून निघून जातो. तर दोरीच्या दोन्ही टोकांना फरचे तुकडे बांधायचे, म्हणजे आवाज बसतो, आणि नेम जरा खालीच धरायचा. माझं कोपर पडतं, ते त्यांनी काठीनं वर करकरून सरळ केलं. काठीनंच हं. कामठ्याला ते स्वतः हात लावत नाहीत. मी एकदा म्हटलं, "तुम्हीच एकदा ओढून दाखवा ना," तर उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

आता हरणाचं सांगतो. शनिवारी सकाळी जळलेल्या माळावर गेलो. नवे हिरवे कोंब आलेत, त्यावर हरणं उतरतात. वारा तोंडावर घेऊन एका वारुळाआड बसलो. ते आलं. चरत चरत, सावकाश, जावईबापूंच्या चालीनं. ढोल वाजायला लागला, नाही कसा, पण मी केस शोधायला लागलो आणि मला त्याच्या पुढच्या पायामागे, बरगडीवर अडकलेलं एक कुसळ दिसलं. एकच. वाऱ्यानं हलत होतं. पाय आड होता म्हणून थांबलो. ताई, मी थांबलो. हा तुझा भाऊ, जो भात शिजायच्या आत झाकण काढतो. मग त्यानं तो पाय पुढे टाकला, कुसळ उघडं पडलं, आणि तीर गेला. मी सोडला असं वाटलंच नाही. तो तिथे जायलाच निघाला होता असं वाटलं.

ते उधळलं. मी उठणार होतो, पण शिकवण होती: मागे धावायचं नाही, सुपारी तोंडात टाकायची आणि ती संपेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. मी बसलो. चुना अर्धा मांडीवर सांडला. सुपारी थुंकून रक्ताच्या मागावर निघालो. ओढ्याच्या अलीकडेच पडलं होतं. तीर कुसळाच्या जागीच होता. मी तिथे एकटाच नाचलो, खोटं कशाला सांगू? मग थोडा रडलोही.

मांस धुरावर टांगलंय. रिवाजाप्रमाणे मी जिभेला लावलेलं नाही. किबूननं मागचा पाय वाहून आणला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा झालास रे." मनाचा मोठा आहे तो, तोंडाचा खराब असला तरी.

एवढं लिहून मी उगाच कुत्रीच्या पिल्लांचं काहीतरी लिहायला घेतलं होतं, ते खोडून टाकलं. गुरू कोण ते तुला एव्हाना कळलंच असेल. काठी आणि कामठ्याला हात न लावणं, यावरून तू ओळखलं असशील.

हो, ताई. बाबा.

पत्र फाडू नकोस. दाजींच्या मांडीत त्या दिवशी गवतातून तीर गेला, तो बाबांचा होता. गवत हललं आणि त्यांनी सोडला. दाजी जन्माचे लंगडे झाले. तू म्हणालीस, या माणसाची सावली माझ्या दारात नको, आणि तेव्हापासून त्यांनी तुझ्या गावाकडच्या वाटेवर पाऊल टाकलेलं नाही. त्यांची बाजू मी घेत नाही. त्यांनी स्वतःही कधी घेतली नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, पण तुझं नाव निघालं की ते सरपण आणायला जातात. सरपणाचा ढीग आता छपराला लागलाय.

मला वाटायचं, माझी दया येऊन ते शिकवायला उठले. पण हरीण सोलताना त्यांनी खरं सांगितलं, आणि आता मी तुझ्या घरात आग लावतोय, मला क्षमा कर. दाजींनीच त्यांना सांगितलं. दाजी मध्यंतरी सुपारी आणायला म्हणून निघाले होते ना? ते आपल्या दोन गावांच्या सीमेवरच्या ओढ्यापर्यंत लंगडत आले, बाबांना बोलावणं धाडलं आणि म्हणाले, "तुमच्या पोराच्या हातात तीर देण्याआधी त्याला डोळे द्या. तो माझ्या मुलाच्या कानाशी काटा घेऊन बसणार आहे. तुमच्यापेक्षा हे कुणाला जास्त कळतं?" बाबा म्हणाले, "मला आजवर कुणी इतकं खरं बोललं नाही." तुला सांगायची दाजींची छाती झाली नाही. लंगड्या पायानं रान तुडवतात, पण तुझ्या तोंडाला घाबरतात.

आता मागणं. कान टोचताना मुलाचं डोकं कुणीतरी धरावं लागतं, घट्ट आणि हळुवार. माझा हात काट्याशी असेल आणि तो थरथरणार, मला माहीत आहे. ते डोकं धरायला मला बाबा हवेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ती नाही म्हणेल. मी ओढ्यापर्यंत येऊन थांबतो, तू जा." पण मी त्यांना ओढ्यावर बसवून पुढे येऊ शकेन असं मला वाटत नाही. हरीण त्यांच्या डोळ्यांनी मारलंय, ताई. माझे फक्त हात होते.

शाळेचे मास्तर उद्या होडीनं निघतायत, त्यांच्याबरोबर हे देतो. तू जे म्हणशील ते.

तुझा, अजून मामा व्हायचा बाकी असलेला,
वासांग

~

रविवार, १७ ऑगस्ट

वासांग,

मास्तरांनी पत्र दिलं तेव्हा तुझे दाजी समोरच बसले होते, त्यामुळे वाचताना मला त्यांचं तोंड बघता आलं. सुपारीला गेलेला माणूस सुपारीशिवाय परत आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. सध्या ते कुंपण दुरुस्त करतायत. कुंपणाला काहीही झालेलं नाही.

हरणाचं वाचून मी मोठ्यानं ओरडले. शेजारणी धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं. मी त्यांना कुसळाचं सांगितलं, दोनदा सांगितलं. शाबास, बाळा. आता पुढचं नीट वाच.

मी माफ केलेलं नाही. पावसात यांचा पाय दुखतो, तो मी चोळत बसते, आणि प्रत्येक वेळी मला ते गवत दिसतं. हे मी बाबांना तोंडावर बोलणार आहे, मनात साठलेलं सगळं, आणि त्यांनी ते सरपणाला न जाता ऐकून घ्यायचं. तेवढं त्यांना आधीच सांगून ठेव.

आता डोकं धरायचं. एवढा नेम शिकलात दोघं, पण एक गोष्ट कुणालाच दिसली नाही. दागू परक्याच्या मांडीवर बसत नाही. मास्तरांनी उचललं तरी किंचाळतो. ऐन वेळी अनोळखी म्हातारा त्याचं डोकं धरायला आला तर तो मान फिरवेल, आणि मग तुझा काटा कुठे जाईल?

म्हणून तू मांस घेऊन पौर्णिमेला ये. बाबांना आत्ताच पाठव. हे पत्र आणणारी होडी दुसऱ्या दिवशी इकडे परत फिरते, तिच्यातच बसव. मुलाला आजोबांची ओळख व्हायला वेळ लागतो.

तुझी, आणि त्यांचीही,
सोमाई