येऊ द्या, मागं जागा आहे

प्रिय आबा,

आज आमच्या मॅडम वर्गातल्या पलंगावर आडव्या झाल्या आणि मी त्यांना कुशीवर वळवलं. मी हे आधी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "कोणती बाई निजली? अन् तू काय करून राहिला होता तिथं?" समजावता समजावता फोनची बॅटरी संपली. म्हणून तुम्हाला लिहितोय. पलंगावर पडून दुसऱ्याच्या हातात असणं कसं असतं, हे आपल्या घरात फक्त तुम्हालाच माहीत होतं.

आधी मी कुठं आहे ते सांगतो. मी अमरावतीला आहे. तुमच्या आजारपणात सुटलेली बारावी तुम्ही गेल्यावर बाहेरून दिली. पास झालो, आबा! आता नर्सिंगला प्रवेश घेण्याआधीचा तयारीचा वर्ग करतो आहे. वर्गात सगळ्या मुली, मुलगा मी एकटाच. काका सगळ्या मूर्तिजापुरात सांगत फिरतात, पोरगं बायांचं काम शिकून राहिलं म्हणून. तुम्ही असता तर त्यांना चांगलं ऐकवलं असतं ना?

काकांचं मला काही वाटत नाही. मला धास्ती होती ती मॅडमची.

त्यांचं सगळं आयुष्य वॉर्डात गेलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला लागल्या. प्रात्यक्षिक त्यांच्या हातात आहे. त्यांनी पास केलं तरच पुढं, नाहीतर परत मूर्तिजापूर आणि काकांचं दुकान. मी सगळं नीट करतो, आबा. हात धुतो, शंका आली की पुन्हा धुतो. चादरीचे कोपरे ओढून बघतो. पण पेशंटला हात लावण्याआधी त्याला काय करणार ते सांगावं लागतं, आणि तिथं माझी गाडी अडते.

मुली एकमेकींवर सराव करतात. माझ्या वाट्याला रबराची बाहुली. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. "आता मी आपणांस डाव्या कुशीवर वळवीत आहे." मॅडम मागून म्हणाल्या, "कोणाशी बोलून राहिला रे? रेडिओवर बातम्या देतो का?" सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी माझं तोंडच उघडेना. तेव्हा म्हणाल्या, "आज मुका झाला." आणि मग रोज तेच. मी बाहुली वळवायची, त्यांनी "पुन्हा" म्हणायचं. काय चुकलं ते सांगायचं नाही. सकाळी जिना चढतानाच माझे तळहात ओले व्हायचे.

याच वर्गाची एक तुकडी अकोल्याला आहे. तिथले सर कोणाला काही बोलत नाहीत, असं मुलींनी सांगितलं. मग मी बदलीचा अर्ज लिहिला. एकेक वेलांटी तपासली. त्यावर मॅडमची सही लागत होती. आज वर्ग सुटल्यावर मन घट्ट करून तो त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी तो सावकाश वाचला. "एक चूक नाही," म्हणाल्या. "इतकं लिहिता येते, मंग बोलता काहून येत नाही?"

मी सहीची जागा बोटानं दाखवली.

मग त्यांनी काय केलं असेल? चष्मा काढला, बूट काढले, बाहुली उचलून खुर्चीत बसवली आणि स्वतः पलंगावर आडव्या झाल्या. बॅगा भरणाऱ्या मुली होत्या तिथंच थांबल्या.

"सही करते," त्या म्हणाल्या. "पण आधी मले कुशीवर घे, भिंतीकडं. मी काई रबराची नाही. कंबर दुखते माझी. पाडलं तं याद राख."

मला काही आठवेना. पाठ केलेलं वाक्यही नाही. आणि तेवढ्यात मला त्यांचा हात दिसला. नजर वर छताकडं होती, पण हातानं पलंगाचा दांडा गच्च धरला होता. इतक्या पेशंटना वळवलेली ही बाई, आणि स्वतःची पाळी आल्यावर तीसुद्धा घाबरली होती.

लकवा झाल्यावर तुमचा चांगला हात असाच दांडा धरायचा, आबा.

दवाखान्यातून घरी आणल्यावर तुम्हाला मी पहिल्यांदा वळवलं, तो दिवस आठवतो? वळवण्याआधी माझ्या बाजूला कडेपर्यंत ओढलं, तर तुम्ही ओरडलात. मला वाटलं दुखलं. तुम्ही वाकड्या तोंडानं म्हणालात, "मांगचं दिसत नाही रे मले. सरकीचं पोतं आहो का मी? सांगून तं ओढ."

तेव्हा मला तुमची काळी-पिवळी जीप आठवली. स्टेशनसमोर तुम्ही गाडी मागं घ्यायचात आणि मी, तुमचा क्लीनर, मागं उभा असायचो. एकीकडं नाली, एकीकडं केळीवाल्याचा गाडा. "येऊ द्या, आबा, येऊ द्या, मागं जागा आहे... बस." मी मागं असलो की तुम्ही आरशात बघत नव्हतात. मग पलंगापाशीही मी तेच बोलायला लागलो. तुम्ही अर्ध्या तोंडानं हसलात आणि दांडा सोडलात. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी तुम्हाला असंच वळवलं. पण एक सांगू? इतक्या वेळा गाडी बरोबर लावून दिली, एकदा तरी शाबास म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? नुसतं "चाल, बस आत."

आज माझे हात मॅडमच्या खांद्याखाली आणि कमरेखाली गेले, आणि तोंडातून आपोआप निघालं, "येऊ द्या, आबा, येऊ द्या, मागं जागा आहे. मागं मी आहे. आता वळा पलीकडं... बस."

मॅडम भिंतीकडं तोंड करून नीट कुशीवर होत्या. आणि मी त्यांना आबा म्हटलं होतं! मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. मॅडम हसल्या नाहीत. दांड्यावरचा हात सुटला होता.

"कोणाले घेत होता असा?" त्यांनी भिंतीकडं बघूनच विचारलं.

"वडिलांना."

"अन् मंग बाहुलीले काहून नाही सांगितलं असं?"

मी खरं ते सांगितलं. ते गाडीवरचं बोलणं आहे, मॅडम, इथं चालेल असं वाटलं नाही.

त्या उठल्या, बूट घातले, चष्मा लावला. "पाठीमांगं उशी द्याची राह्यली," एवढंच म्हणाल्या. मग अर्जावर सही करून तो माझ्या हातात दिला. "जायचं तं जा. अकोल्याचे सर भले माणूस आहेत, ओरडत नाहीत. पण ते तुले पुन्हा कर म्हणणार नाहीत."

आबा, अर्ज माझ्या खिशात आहे. अकोल्याला गेलो असतो तर रेल्वेनं रोज मूर्तिजापूरला घरी जाता आलं असतं, आईच्या हातचं जेवता आलं असतं. पण उद्या तो मी मॅडमना परत देणार आहे. सही फुकट घालवली म्हणून बोलतील, बोलू देत. अजून मी पास झालेलो नाही. उद्या जिना चढताना तळहात ओले होतीलच. पण आता निदान कळलं की "पुन्हा" म्हणत त्या कशाची वाट बघत होत्या. आणि उद्या उशी विसरणार नाही.

तुम्हाला एक शब्द देतो. पुढं माझ्या हातात जो कोणी येईल, म्हातारा असो की लेकरू, त्याला मी सरकीच्या पोत्यासारखं ओढणार नाही. आधी सांगेन. मागचं दिसत नाही अशा माणसाच्या मागं उभा राहीन, आणि त्याचा दांड्यावरचा हात सुटेपर्यंत बोलत राहीन.

तुमचा क्लीनर,
सुमेध