सोळा पानं आधी

ता. १४ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय ठमे,

आशीर्वाद. गुडघे सोडले तर बाबांची तब्येत ठीक आहे. मीही बरी. तुझं पत्र येऊन तीन महिने होतील. मिळालं, वाचलं, आणि ‘घरी येऊ का?’ हा तुझा एका ओळीचा प्रश्नही वाचला. त्याच्याकडे येतेच. आधी जरा गंमत ऐक.

ग्रंथालयातल्या माझ्या बांधणीच्या खोलीत एक कादंबरी दुरुस्तीला आली आहे. बायकांनी वाचून वाचून तिचा पार खुळखुळा केलाय. तुला ठाऊक आहे, मी पुस्तकं शिवते, वाचत नाही. पण ही उघडली ती सुटेचना. एक मुलगी भांडून घर सोडते, दहा वर्षांनी गावात परत येते, पण घरी न जाता आजीची बंद पडलेली पावाची भट्टी चालवायला घेते. समोर चर्चचं छप्पर दुरुस्त करणारा सुतार. तो वर, ही खाली, आणि दोघंही रोज प्रार्थनेत देवाकडे एकमेकांच्या चहाड्या करतात. देव आपला घरातल्या प्रेमळ काकांसारखा सगळं ऐकून घेतो आणि बरोब्बर वेळी सुताराची शिडी सरकवतो. मी एकटीच खुदुखुदू हसत बसते.

दुपारचं ऊन टेबलावर येतं, खळीचा वास सुटलेला असतो, सुई आपली आपण चालत राहते आणि मी त्या गावात पोचलेली असते. भट्टीतून निघालेला पाव मला दिसतो. सुताराचा आवाजसुद्धा ऐकू येतो, बरं का. या वयात!

त्याच तंद्रीत घोटाळा झाला. शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानांची एकत्र शिवायची जुडी, मी पहिल्या प्रकरणाच्या पाठोपाठ शिवून टाकला. म्हणजे मुलगी घर सोडते, आणि पान उलटलं की घराच्या दारात हजर. मधली दहा वर्षं, भट्टी, सुतार, सगळं त्याच्यानंतर. ग्रंथपालबाई म्हणाल्या, बरं केलंत, वाचणारीचा जीव तेवढा कमी टांगणीला लागेल. मी हसले खरी, पण टाके उसवायला बसले तेव्हा हात चालेना.

त्या सोळा पानांत एक थोरली बहीण आहे. आईचं आजारपण एकटीनं काढलेली, फटकळ, धाकटी परत आली तर दारात आडवी उभी राहणारी. काय खडूस बाई आहे, म्हणून मी दोन दिवस तिच्या नावानं बोटं मोडत होते. मग माझं मलाच कळलं, ठमे. आई गेली त्या दिवशी मी तुला म्हणाले होते, “आता इथं तुझं कुणी उरलं नाही.” तू नोकरीसाठी लांब गेलीस याचा राग होताच. पण खरा राग वेगळा होता. पाणी मी पाजत होते, आणि आई शेवटपर्यंत नाव तुझं घेत होती.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. आईमागे जेवणाआधीची प्रार्थना मी म्हणते. आई घरातल्या एकेकाचं नाव घ्यायची, तसं मीही घेते. तुझं मात्र चार वर्षांत एकदाही घेतलं नाही. बाबांनी मध्येच काही म्हणू नये म्हणून मी घाईघाईनं आमेन उरकायचे आणि वाढायला लागायचे.

आज घेतलं. सगळ्यांत शेवटी, पण घेतलं. बाबांचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही. पण डोळे न उघडताच म्हणाले, “मी रोज मनात घेत होतो. तू आमेन फार लवकर म्हणायचीस, माझं अर्ध्यावरच राहायचं.”

मला रडू आवरेना. बाबा मात्र शांतपणे जेवले आणि भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ये. दोन दिवसांसाठी नको, सामान घेऊन चांगली राहायला ये. दार मी उघडेन. कदाचित लगेच काही बोलता यायचं नाही. तोंड वाकडं दिसलं तर ते माझं तोंडच तसं आहे, राग समजू नकोस. मी चुकले गं. हे समोर म्हणायला मला वेळ लागेल, म्हणून इथं लिहून ठेवते. आता उठते आणि पत्र पेटीत टाकून येते, नाहीतर उद्या पुन्हा धीर व्हायचा नाही.

तुला घराबाहेर ठेवणारी
आणि आता तुझी वाट पाहणारी,
तुझी ताई