दिवे लागल्यावरचं विरजण

सोमवार, ताडकळस

मी सांगायलेय, नात सुमी लिहायलीय. वकिली शिकते. तिनं वाचून दाखवलं, जगाच्या कोर्टानं एका देशाच्या प्रमुखावर वॉरंट काढलं, पण त्याचा देश म्हणतो, “आमच्या घरात तुमचं काय काम?” अन् कोर्टाला सोताचा शिपाईच न्हाई.

शेजारचा गणपत बायकोला, सखूला, मारतो, तवा हेच म्हणतो. आज पुन्हा तिचं रडणं ऐकू आलं. वाटी घेऊन गेले, विरजण मागितलं.

“आजी, दिवे लागल्यावर कुणी विरजण देतं का?” गणपत म्हणला.

“मग सखूच दे बाबा,” म्हणले, अन् तिला हाताला धरून घरी आणली.

मागोमाग तो आमच्या दारात. मी म्हणले, “आमच्या घरात तुझं काय काम?”

सुमी हसली. मला हसू येईना. वाटी रिकामीच हाय, अन् सकाळी सखू आपणहून परत निघाली तर?