अणूच्या डब्याचा ओटा

तीर्थरूप धर्मपाल मामांना दीक्षाचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मामींचं तिखट बंद केलं म्हणे, त्यांना माझी सहानुभूती कळवा. तिकडे शहरात, जठारपेठेत पंख्याखाली बसून हे पत्र वाचाल, म्हणून आधीच सांगते, हसायचं नाही. खूळ तुमचंच आहे.

आपल्या पायलच्या लग्नात पंगतीत बसून तुम्हीच सांगितलं होतं, की लहानशा डब्यात किरणोत्सर्गी धातू आपोआप तापत राहतो, त्या उष्णतेची वीज होते आणि वर्षानुवर्षं डिझेल, ऊन, लाइनमन काहीच लागत नाही. (तुम्ही तेव्हा बुंदी वाढून घेत होतात, मी जेवण सोडून ऐकत होते.) इथे धारणीच्या जंगलात वारा सुटला की तारा तुटतात, आणि आरोग्य उपकेंद्राच्या छतावरचं सोलर वानरांनी नाचून फोडलं. मी नर्स, बाळंतपणं मोबाईल दातात धरून करते. मग मागितला तो डबा, जिल्ह्याला रीतसर अर्ज करून. काय चुकलं?

गावाने तर उत्तर येण्याआधीच श्रमदान करून डब्यासाठी दारात ओटा बांधला. आता रिकामा ओटा आपल्याकडे रिकामा राहतो का? गंगूबाईने त्यावर कुंकू वाहिलं, मोतीरामने नारळ फोडला. छप्पन सालापासून आपल्या घरात देव नाही आणि मी एका न आलेल्या डब्याची पुजारीण झाले. मी ओटा धुते, ते पुन्हा रंगवतात.

परवा जिल्ह्याचे साहेब जीपने नकार घेऊन आले आणि बूट घालून नेमके ओट्यावरच टेकले. मोतीराम म्हणाला, "साहेब, उठा तेथून. थे आमच्या लाइटाची जागा हाये." साहेबांनी उठून बूट काढले, हातही जोडले, आणि मग मला सांगितलं, की असले डबे अंतराळयानाला देतात, उपकेंद्राला नाही, शिवाय धोका असतो. मी म्हटलं, यानात कुणी बाळंत होत नाही, आणि अंधारातल्या बाळंतपणाचा धोका तुम्ही कधी मोजलात ते सांगा. साहेब चहा न घेता गेले. अर्ज मी मागे घेणार नाही. बदली केली तर पुढच्या गावातून करीन.

तुमची भाची,
दीक्षा

ता. क. मोतीरामची सून याच महिन्यात बाळंत होईल. मला भीती वाटते, मामा. तुमच्या जिन्याखालचा इन्व्हर्टर बॅटरीसकट धारणीच्या बसवर चढवा. लाइट असेल तेव्हा भरून ठेवीन. जठारपेठेत लाइट जाते तरी कधी?

पुन्हा ता. क. इन्व्हर्टर आला की ओट्यावर मांडायचा असं गावाने ठरवलं आहे. मी आत खोलीत ठेवणार. ओट्यावरची जागा डब्याची आहे.