याईराच्या मुलीची गोष्ट

ती. आईस,
रत्नमालाचा सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं बरे आहोत. शास्त्री नगरात थंडी पडली आहे. गुडघ्यांना तेल लावतेस ना?

माझी लेक मनवा गेल्यापासून मी येशूची प्रार्थना करते, याचा तुला राग आहे. शेजारच्या साळवेबाईंनी मराठी बायबल दिलं. म्हणाल्या, "मार्कपासून सुरू कर. रोज थोडंच वाच. अडलं तर देवालाच विचार."

मार्क म्हणजे त्यातलं येशूचं एक चरित्र. त्यात याईर नावाच्या माणसाची मुलगी मरते. येशू तिला हात धरून उठवतो आणि हिला खायला द्या म्हणतो. आपल्या मनवाला शेवटी पाणीही गिळवत नव्हतं. मी पुस्तक मिटलं, ते बरेच दिवस उघडलंच नाही.

काल यांनी विचारलं, "हल्ली वाचत का नाहीस?" मी कारण सांगितलं. "मला वाचून दाखव," म्हणाले. ऐकता ऐकता उठले आणि बाहेर फाटकाशी पाठमोरे उभे राहिले. मी देवाला विचारलं, "मग आमचीच का नाही उठवलीस?"

थोड्या वेळानं हे आत आले, माझ्याजवळ बसले. म्हणाले, "पुढे वाच."

मी वाचलं, आई.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

तुझीच,
रत्नमाला