हिरव्या तारांचा पीळ

राजेश्वर, ता. बसवकल्याण
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय अमरअण्णा,

शरणू शरणार्थी. इकडे सगळे बरे आहेत. अव्वाचा गुडघा कुरकुरतो, पण भाकरी थापायचं काही ती सोडत नाही. वहिनी कशा आहेत? शैलश्रीचे पुढचे दात आले का?

पत्र कसलं लिहितेस, फोन करायचा की, म्हणशील. पण फोनवर अप्पांचं नाव निघालं की तुला नेमकी मीटिंग आठवते. कागदाला काही मीटिंग सांगता येत नाही.

आता बातमी ऐक. तुझा अंप्ली जिवंत झाला! गिटारचा आवाज मोठा करणारा, वाल्वचा, तोच! मला काल रात्रभर झोप नाही, हे सांगायचं कुणाला? अव्वाला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, आता जेव."

झालं असं, की मागच्या महिन्यात हुमनाबादचा भंगारवाला आला आणि अप्पांनी बोट दाखवलं, "त्यो चादरीखालचा डबा बी ने."

मी आडवी आले. "मला एकदा उघडून बघू द्या."

"बघून काय करायलीस? त्यो मेलाय."

"मेलेल्याला बघायला काय जातंय?"

अप्पा काही बोलले नाहीत, म्हणजे हो. एवढं तुला ठाऊक आहे.

पेटवला तर असा कर्कश घूं, की अव्वा आतून ओरडली, "गिरणी लावलीस व्हय गं?" आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी घूं तसाच. म्हणजे रोग तोंडात नाही, पोटात. वीज गाळणारे कंडेन्सर वाळून गेले होते. अकरा वर्षं चादरीखाली कोंडलं तर माणूसही वाळेल. हैदराबादहून नवे मागवले. बंद केल्यावरही त्यांच्यात जीव घेण्याइतकी वीज उरते, म्हणून अप्पांनी शिकवलं तसं डावा हात पाठीमागे धरून आधी ती उतरवली, मग बदलले. चालू केला आणि शून्यावर शांत! मी आपल्या दुरुस्तीच्या दुकानात एकटीच नाचले. समोरच्या टेलरनं मशीन थांबवून बघितलं.

मग बटण वाढवलं, तर खालून दुसराच घूं निघाला. जाड, मऊ. नाचणं बंद.

तेव्हा तुझं वाक्य आठवलं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याला मंठाळहून परत येताना टेम्पोत तू म्हणाला होतास, "माझ्या सगळ्यात जाड तारेच्या बी खालचा आवाज येत व्हता, नेत्रा." कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी मोबाइलवर गिटार सुरात लावायचं अॅप घेतलं. आधीचा घूं सेकंदाला शंभर कंपनांचा असतो. हा पन्नास. तुझी जाड तार ब्याऐंशीची. अण्णा, तू रोग नुसत्या कानानं ओळखला होतास! पन्नासचा घूं म्हणजे वाल्वच्या वाती तापवणाऱ्या विजेचा.

पहिला वाल्व उपसला की गप्प. खणातला दुसरा लावला की परत घूं. म्हणजे वाल्व निर्दोष. दोष त्याच्या बुडाशी, तारांत. मी बॅटरी घेऊन डोकं आत घातलं.

तिथं मी थांबले. चहा केला. अव्वाला मेथी निवडून दिली. टेलरच्या मिक्सरचं काम दोन दिवस पडलं होतं, ते उरकलं. आत्ताही मी तेच करते आहे बघ. तूर यंदा कमरेला लागली आहे, हे लिहिणार होते.

लिहितेच. वातींच्या त्या दोन हिरव्या तारा एकमेकींना घट्ट पीळ घालून न्यायच्या असतात, म्हणजे एकीचा आवाज दुसरी खाते. इथं पीळ सोडवलेला होता. दोन्ही तारा विंचरल्यासारख्या सरळ करून, गिटारचा आवाज आणणाऱ्या तारेला चिकटवून, पिवळ्या दोऱ्यानं बांधल्या होत्या. गाठीला विभूती लागलेली.

अण्णा, ती गाठ माझी आहे.

खांडेनवमीला दुकानातली सगळी यंत्रं पुसून, तारा नीट करून पूजेला मांडायची, हा अप्पांचा नेम. तू दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाच्या तालमीला गेला होतास. अंप्ली बाहेरून मी पुसलाच होता, पण मला आतूनही लख्ख करायचा होता. फळी काढली. आतला गुंता बघून मला वाटलं, देवापुढं असा कसा ठेवायचा? मी तारांची वेणी सोडवली. त्या दिवशी यंत्राला विश्रांती, म्हणून कुणी चालू करून बघितला नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तो थेट मंठाळच्या मांडवात चालू झाला, घूं करत सुटला, आणि लोकांनी तुला शिट्ट्या मारून खाली उतरवलं.

अप्पांनी तिथंच फळीवरचा ओरखडा दाखवून सगळ्यांसमोर विचारलं, "कुणी उघडला?" तू म्हणालास, "मी न्हाई." मी तुझ्या मागेच उभी होते. सतरा वर्षांची होते, लहान नव्हते. "खोटं बोलनारा माझ्या घरात नको," अप्पा म्हणाले, तेव्हाही मी गप्प. नुसतं पुसल्यानं काही बिघडतं का, असं स्वतःला सांगत राहिले. आणि दुसरंही सांगून टाकते. तू गेलास म्हणून सोल्डर माझ्या हातात आलं. हे दुकान मला तुझ्या जाण्यानं मिळालं. म्हणून पुढेही गप्प राहिले. चादर काढायला अकरा वर्षं घेतली.

काल संध्याकाळी तारांना परत पीळ घातला, बाजूला वळवल्या, बटण पूर्ण फिरवलं. आतून अप्पा आले.

"बंद केलीस कामून?"

"चालू हाय, अप्पा."

त्यांचा विश्वास बसेना. वाकून वाल्व बघितले, सगळे लाल. मग गिटार जोडायच्या भोकात तार घालून तिला बोट लावलं, तर भिंत हादरली. बोट काढलं की परत चिडीचूप. अण्णा, ते हसले! दात नसलेलं तोंड भरून हसले. मग विचारलं, "काय व्हतं?"

मी दोरा पुढं केला.

त्यांनी तो उजेडाकडं धरून फिरवला. "ही गाठ माझी न्हाई. अमरची बी न्हाई."

"माझी हाय."

ते खाटेवर बसले. दोरा मुठीतच. "मंग त्यो खरं बोलत व्हता," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता मलाही घराबाहेर काढतील. रडू येत होतं, पण मी तिथंच उभी राहिले. मघापासून अंप्ली चालूच होता आणि काही ऐकू येत नव्हतं.

"तुमी पन काहीतरी लिहा त्याला," शेवटी मी म्हटलं.

"तुझं तू लिही. मी चारचौघांत बोललो व्हतो, कागदावर कसं फेडू? त्यो आला की मंठाळला जाऊ, त्याच मांडवात सांगतो." आणि मी फळी लावायला घेतली तर हात धरला. "ऱ्हाऊ दे उघडी. त्याला सोताच्या डोळ्यानं बघू दे."

फळीचे आठ स्क्रू अव्वाच्या मोहरीच्या वाटीत ठेवले आहेत. खांडेनवमी एक ऑक्टोबरला आहे. अप्पा म्हणतात, औंदा पूजा चालू यंत्राची करायची. गिटार घेऊन ये. माझ्याशी बोलावंसं नाही वाटलं तर नको बोलूस, पण ये.

मागे उभी असूनही गप्प राहिलेली,
नेत्रावती